क्रूझवर घरच्यांसाठी वॉकीटॉकी: पडद्याचा सेट घ्यावा की बिनपडद्याचा?

आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे मिळून मुंबईच्या बॅलार्ड पिअर बंदरातून गोव्याला किंवा लक्षद्वीपला निघणार असाल, तर जहाजावर एकमेकांना शोधायचं कसं हा प्रश्न तिकिटं काढल्यावर लगेच येतो. किनारा मागे पडला की मोबाइल मुका होतो. जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कवर रोमिंगने बोलायचं म्हटलं तर बिल बघवत नाही. सगळे मोठे असतील आणि प्रत्येकाच्या हातात कायम फोन असेल, तर जहाजाच्या वाय-फायवर चॅट करा, वॉकीटॉकीच्या भानगडीत पडू नका. पण बरोबर आठ-दहा वर्षांची मुलं असतील आणि चष्मा शोधल्याशिवाय मेसेज न वाचणारी आजी असेल, तर बटण दाबून बोलायच्या यंत्राला तोड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या घरी दोन्ही तऱ्हेचे सेट वापरून झाले. एक पडद्याचा, म्हणजे चॅनलचा आकडा दाखवणारा छोटा स्क्रीन असलेला, ट्रेकिंगला नेतात तो रंगीत, गुटगुटीत, छोट्या सेलवर चालणारा. दुसरा बिनपडद्याचा, म्हणजे हॉटेलातले आणि मॉलमधले कर्मचारी कमरेला लावतात तो पातळ, काळा. दोन्ही ४४६ मेगाहर्ट्झचे, त्यामुळे पल्ल्यात डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नाही. फरक आहे तो वापरात.

त्याआधी कायद्याचं एवढं बघून घ्या. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा २०१८च्या नियमांपासून परवानामुक्त आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानदार पाच वॉटचा, दोन बँडचा चिनी सेट पुढे करतो आणि ‘साहेब, हा लांब जातो’ म्हणतो. जात असेलही, पण तो या पट्ट्याबाहेरही बोलतो आणि त्याला परवाना लागतो. शिवाय लहान मुलाच्या हातात तो चुकून १५६.८ मेगाहर्ट्झवर गेला, तर ते सागरी संकटकाळाचं चॅनल १६ आहे. तिथे ‘दादा, आइस्क्रीम कुठे मिळतंय’ ऐकू जाणं कोणत्याही जहाजाला परवडणारं नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांना वॉकीटॉकीवरून नोटिसा काढल्या, त्या याच धर्तीच्या होत्या: सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, हे विकताना सांगितलंच जात नव्हतं. तेव्हा पट्टा कोणता आणि ईटीए, म्हणजे त्या यंत्राला मिळालेली सरकारी मान्यता, आहे का, हे विचारूनच पैसे द्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेले ४६२–४६७ मेगाहर्ट्झचे सेट इथे काढू नका. जहाजावरचे कर्मचारी आपसात बोलतात ते ४५७ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्यांच्या कामात आपली लुडबुड नको. आणि बुकिंग करतानाच क्रूझ कंपनीला वॉकीटॉकी चालतो का ते लेखी विचारून ठेवा. प्रत्येकीचे नियम वेगळे असतात.

आता जहाज. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस घ्या. १९९० सालचं, अकरा डेकचं जहाज, आणि आत-बाहेर सगळं पोलाद. पाकिटावर छापलेले किलोमीटर इथे विसरायचे. ४४६ मेगाहर्ट्झची लहर पाऊण मीटरहूनही आखूड असते. ती पोलादातून आरपार जात नाही, पण दारं, जिने, लांबच लांब कॉरिडॉर यांतून वाट काढत पोचते. आमचा अनुभव असा की मधल्या जिन्याजवळ उभं राहिलं तर चार-पाच डेक वरखाली आवाज व्यवस्थित जातो. आतल्या केबिनचं दार लावलं की खरखर सुरू, आणि लिफ्टमध्ये काहीच नाही. हे दोन्ही सेटना सारखंच लागू आहे. म्हणून घरात एक नियम करून टाका: उत्तर आलं नाही तर जागचं हलायचं नाही, जिन्यापाशी जाऊन पुन्हा हाक मारायची. आमच्या लेकीला हे पहिल्या संध्याकाळीच जमलं. “आजी, तू जिन्यात ये ना, इथून तुझं नीट ऐकू येत नाहीये,” असं ती वरच्या डेकवरून सांगायची, आणि आजी खरंच सेट घेऊन जिन्यात येऊन उभी राहायची.

पडद्याच्या सेटचं कौतुक करण्यासारखं बरंच आहे. चॅनल समोर आकड्यात दिसतं, त्यामुळे कोण कुठे भरकटलं ते कळतं. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले सेल घालता येतात. मुलांच्या हातात बसतो, रंगामुळे पलंगाखाली गेला तरी सापडतो. किंमतही सहसा कमी. पण त्याला एक कॉलचं बटण असतं. ते दाबलं की त्या चॅनलवरचे सगळे सेट सूर लावून वाजतात. ट्रेकवर, मोकळ्या रानात, हे सोयीचं आहे. जहाजावर मात्र ते बटण मुलाच्या चड्डीच्या खिशात असतं. मूल पळतं, खुर्चीत उड्या मारून बसतं, पालथं पडून स्विमिंग पूलमध्ये डोकावतं, आणि दर वेळी बटण दाबलं जातं. दुपारी आजोबांचा नुकता डोळा लागलेला, उशीजवळचा सेट केकाटतो. रात्री थिएटरात निवेदक हळू आवाजात काही सांगतोय, दिवे मंद आहेत, आणि आमच्या रांगेत तीन पर्समधून एकाच वेळी तीच धून. पुढच्या रांगेतल्या काकू वळून बघतात. तुम्ही म्हणाल, की-लॉक करा. केलं. आमच्या सेटचं लॉक चॅनलची आणि मेनूची बटणं बांधून ठेवतं, पण बोलायचं आणि कॉलचं बटण मोकळंच राहतं. आवाज बारीक करावा तर मग खरी हाकही ऐकू येत नाही. शेवटी कॉल वाजला तरी कोणी लक्ष देईना, आणि हाकेकडे दुर्लक्ष करायची सवय लागणं हे मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. ज्यासाठी यंत्र आणलं तेच हातातून निसटतं.

बिनपडद्याच्या सेटला हा प्रकार नाही. निदान आमच्याकडच्या सेटला कॉलचं बटणच नाही. बाजूला बोलायचं एक मोठं बटण, वर आवाजाची खुंटी, संपलं. माणसाचा आवाज आला म्हणजे कोणीतरी खरंच बोलतंय, एवढं नक्की. खिशात बोलायचं बटण दाबलं जातंच, नाही असं नाही, पण तेव्हा नुसती कापडाची खसखस ऐकू येते, आणि मोठी माणसं ‘अरे, बटणावर बसलायस’ म्हणून सांगतात. पट्ट्याची क्लिप घट्ट, त्यामुळे खिशात ठेवायची गरजही कमी. इअरफोन लावता येतो, तो थिएटरात आणि जेवणाच्या हॉलमध्ये फार कामाचा.

याच्याही अडचणी आहेत, त्या सांगायलाच हव्यात. चॅनल दिसत नाही, बीपवरून किंवा यंत्र बोलून सांगतं त्यावरून ओळखावं लागतं. आजीला ते जमणार नाही, म्हणून चॅनल घरूनच लावून द्यायचं. आणि चार्जिंग हे खरं डोकेदुखीचं. प्रत्येक सेटचा वेगळा वाटीसारखा चार्जर, केबिनमध्ये प्लग मोजके, आणि सर्ज प्रोटेक्टर असलेले एक्स्टेंशन बोर्ड बहुतेक क्रूझवर चालत नाहीत. यूएसबीवर चार्ज होणारा प्रकार मिळाला तर दोन पैसे जास्त देऊन तोच घ्या. लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच ठेवा.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. ‘प्रायव्हसी कोड’ नावाने जे विकलं जातं, त्याने दुसऱ्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. आपलं बोलणं त्यांना ऐकू जाऊ शकतं. म्हणून मुलांना आधी शिकवा: केबिनचा नंबर आणि आई-बाबा केबिनमध्ये नाहीत हे सेटवर कधी बोलायचं नाही. ‘आपली खोली’ म्हटलं तरी घरच्यांना कळतं.

मुलं मोठी असतील, सेट कमरेच्या पट्ट्यालाच राहणार असेल आणि पुढे राजमाचीलाही न्यायचा असेल, तर पडद्याचा घ्यायला हरकत नाही, कदाचित तुम्हाला तोच जास्त उपयोगी पडेल. बरोबर लहान मुलं आणि दुपारी झोपणारी वडील मंडळी असतील, तर मी बिनपडद्याच्या बाजूने आहे. पडद्याचाच घेणार असाल तर दुकानात सेट हातात घेऊन लॉक लावा आणि कॉलचं बटण दाबून बघा. लॉक असतानाही तो वाजला, तर दुसरा दाखवा म्हणा.