खुनानंतर कुटुंबाला मिळणारी भरपाई : एका अर्जदाराचा अभिप्राय

माझ्या थोरल्या भावाचा खून झाल्यानंतर वहिनीच्या वतीने सरकारी नुकसानभरपाईचा अर्ज मी भरला आणि पुढचे चौदा महिने त्या कार्यालयात खेपा घातल्या. अशी सोय असते हे आम्हाला सात आठवड्यांनी, तेही रुग्णालयातील एका परिचारिकेकडून कळले. पोलिसांनी ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

या सेवेचा खरा मोठा गुण हा की आरोपी सापडला नाही, किंवा त्याला शिक्षा झाली नाही, तरी कुटुंबाचा हक्क बुडत नाही. खुन्याकडे देण्यासारखे बहुधा काही नसते आणि असले तरी ते वसूल होईपर्यंत घरखर्च थांबत नाही. म्हणूनच न्यूझीलंडने १९६३ साली सरकारी भरपाईचा कायदा केला, तर १९८५ साली संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याने मृताच्या अवलंबितांना अशी मदत देण्याचा प्रयत्न प्रत्येक राष्ट्राने करावा असे सांगितले.

अर्जातील ‘मृत व्यक्तीचे मासिक उत्पन्न’ या रकान्यापाशी वहिनी थांबली. दादा सुतारकाम करीत असे, त्यामुळे पगाराचा दाखला नव्हता. होती ती त्याची लांबट वही, जिच्यात प्रत्येक कामाची तारीख, मजुरी आणि उरलेली येणी त्याने पेन्सिलीने लिहिली होती. शेवटच्या पानावर एक बेरीज अर्धीच राहिली आहे. कार्यालयाने ती वही आधी पुरावा म्हणून नाकारली, परंतु एका ज्येष्ठ लिपिकाने पाने उलटून स्वतः वर्षाची सरासरी काढली आणि तीच पुढे मान्य झाली. त्या गृहस्थांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

मात्र चौकशीच्या वेळी, ‘एवढ्या रात्री ते तिथे कशाला गेले होते?’ हा प्रश्न मुलांच्या देखत विचारला गेला. मृताच्या वर्तनावरून रक्कम कमी करण्याची मुभा युरोपीय देशांच्या १९८३ च्या करारातही आहे आणि तिच्यामागचा हेतू मला समजतो, पण हा प्रश्न बंद दाराआड, मोठ्यांना विचारता आला असता. अंत्यसंस्काराचा खर्च पाचव्या महिन्यात मिळाला. तोवर उसनवारीवर भागवावे लागले.

विम्याचे पैसे मिळाले असतील तर ते भरपाईतून वजा होऊ शकतात, हे आधीच विचारून घ्यावे. तरीही अर्ज जरूर करावा, आणि खटल्याच्या निकालाची वाट न पाहता करावा, कारण अर्जाला मुदत असते. मूळ कागद मात्र छायाप्रत काढल्याशिवाय देऊ नयेत. दादाची वही अजून त्यांच्या फायलीत आहे आणि ती परत मिळावी म्हणून मी दोनदा लेखी विनंती केली आहे.