घरघर घालवण्याचे ९१,५०० रुपये

हे लिहायला घेण्यात माझे चार महिने गेले, आणि त्याचे कारण वेळ नव्हता असे नाही. बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात ३१ वर्षे दुसऱ्यांच्या पावत्या तपासलेल्या माणसाने, स्वतःच्या दिवाणखान्यात बसून, बिलाचा कागद न मागता ४८,००० रुपये रोख मोजून दिले, हे कबूल करायची लाज वाटत होती. तरी लिहितो आहे, कारण स्टिरिओतली घरघर घालवून देतो असे सांगून ते पैसे नेणारा गृहस्थ अजून लोकांच्या घरी जातो आहे असे माझ्या कानावर आले आहे.

पुण्यातल्या आमच्या इमारतीचे वायरिंग जुने आहे. गेल्या जूनमध्ये माझ्या स्टिरिओतून दोन प्रकारचे आवाज येऊ लागले. एक खालचा, सतत चालणारा ‘घूं’ असा, आणि दुसरा पंखा मंद केला की त्यावर चढणारा, करवतीसारखा करकरीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो घूं हार्मोनियमच्या पांढरी पाच या पट्टीच्या सुरापेक्षा किंचित वर चढलेला असतो. ख्यालाची रेकॉर्ड लावावी आणि तंबोऱ्याच्या शेजारी कोणीतरी दुसराच, बेसूर तंबोरा धरून बसावे, तसे ते ऐकू येई. त्याच सुमारास मी सेट-टॉप बॉक्सचा आवाज ॲम्प्लिफायरला जोडला होता, पण दोन गोष्टींचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. माझे क्षेत्र आकड्यांचे आहे, विजेचे नाही.

अशी माणसे घरात कशी शिरतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मोबाइलवर जाहिरात, ‘मोफत तपासणी’, मग ‘फक्त येण्याजाण्याचे १,५०० रुपये, पुढे वळते करून देऊ’. ते कधीच वळते झाले नाहीत. येताना त्याच्याबरोबर एक पोरगेलासा मदतनीस, घरघर घालवणारे ‘मशीन’ म्हणून ११ किलोचा एक काळा पत्र्याचा डबा आणि हातात मावणारे एक मीटर होते. मीटर त्याने सॉकेटमध्ये खोचले. त्यातून खरखर ऐकू आली आणि पडद्यावर ८७० हा आकडा उमटला. शेजारच्या सॉकेटमध्ये त्याने काडेपेटीएवढा एक ‘प्युरिफायर’ लावला आणि आकडा ४६ वर आला. आकडा उतरताना पाहिला की माझ्यासारख्याचे काय होते, हे त्याने बरोबर ओळखले असावे.

ते मीटर खोटे बोलत नव्हते, हे मला नंतर कळले. मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे विजेच्या तारेत उच्च वारंवारतेचा जो कचरा टाकतात, तेवढाच ते मोजत होते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एक साधा कपॅसिटर, म्हणजे असा कचरा पिऊन टाकणारा छोटा भाग, टाकला की हा आकडा कोसळतोच. माझ्या ५० हर्ट्झच्या घूंशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नव्हता. कोणी मीटर दाखवू लागला, तर त्याला मीटर बंद करून स्पीकरकडे कान द्यायला सांगा.

आता तो क्षण, ज्यासाठी मी आजही रात्री जागा असतो. काळा डबा ठेवायला टीव्हीच्या मागे जागा करायची होती. मदतनिसाने वाकून सेट-टॉप बॉक्सच्या पाठीची केबलवाल्याची गोल वायर फिरवून काढली, आणि घूं थांबला. ॲम्प्लिफायर चालू होता, आवाजाची खुंटी अर्ध्यावर होती, आणि खोलीत एकाएकी शांतता झाली. डब्याची पिन तेव्हा मदतनिसाच्या दुसऱ्या हातात होती. डब्यावरचा निळा दिवा लागला नव्हता, लागण्याची शक्यताच नव्हती. हे मी पाहिले आणि ऐकलेही. माझ्या पत्नीने तर विचारलेही, “अहो, त्याने आधी टीव्हीची वायर काढली ना?” आणि मी, तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळते या खात्रीने, तिला हाताने थांबवले. त्या गृहस्थाने मिनिटभराने डबा लावला, निळा दिवा लागला, आणि तो म्हणाला, “ऐका काका, आता काय ऐकू येतंय?” काहीच ऐकू येत नव्हते. मी त्याला ४८,५०० रुपये देऊन मोकळा झालो.

हिशेब असा: १,५०० रुपये भेटीचे, यूपीआयने. डब्याचे ४८,५००, पैकी २०,००० यूपीआयने आणि २८,५०० रोख, कारण बिल घेतले तर १८ टक्के जीएसटीचे ८,७३० रुपये वर द्यावे लागतील असे तो म्हणाला आणि ते वाचवण्याचा मोह मला झाला. त्याच दिवशी तीन प्युरिफायर, प्रत्येकी ६,५०० प्रमाणे १९,५००, तेही रोख. संध्याकाळी बातम्यांसाठी मी केबलची वायर पुन्हा जोडली आणि घूं परतला. फोनवर त्याने सांगितले, “काका, मशीनला तीनशे तास चालू द्या, आतले पार्ट सेट व्हायला लागतात.” मी भिंतीवर कॅलेंडर लावून तेरा दिवस मोजले. चौदाव्या दिवशी तो म्हणाला की दोष इमारतीच्या अर्थिंगचा आहे, ‘ऑडिओसाठी स्वतंत्र अर्थिंग’ घ्यावे लागेल, आणि त्याचे २२,००० रुपये एका तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर गेले. एकूण ९१,५००. ज्याच्याशी तुम्ही बोलता त्याच्या नावाचे खाते नसेल, तर तिथेच हात आखडता घ्या. हे मी कर्जदारांना शिकवत असे.

स्वतंत्र अर्थिंगनेही आवाज गेला नाही. उलट त्याने अखेरचा सल्ला दिला की ॲम्प्लिफायरच्या प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाका. तो मी मानला नाही, एवढेच काय ते माझ्या बाजूने सांगण्यासारखे आहे. तिसरी पिन काढली की आवाज बरेचदा खरोखरच थांबतो, म्हणूनच हा सल्ला सर्रास दिला जातो. पण मग आत कुठे फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर तो पत्रा २३० व्होल्टवर तुमच्या हाताची वाट पाहत राहतो.

शेवटी आमच्याच इमारतीतले एक निवृत्त वीज अभियंते खाली आले. त्यांनी काहीही न उघडता केबलची वायर काढली, जोडली, पुन्हा काढली, आणि माझ्याकडे नुसते पाहिले. केबलच्या वायरीची बाहेरची जाळी कुठेतरी दूर, दुसऱ्या जागी जमिनीला जोडलेली असते आणि ॲम्प्लिफायर आपल्या घरच्या अर्थिंगला. या दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी आवाजाच्या तारांच्या जाळीतून प्रवाह फिरतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. केबलच्या वायरीत बसवायचा, जाळीतला हा जोड तोडणारा आयसोलेटर ४२० रुपयांना मिळाला. करकर जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची होती, कारण तो विजेची प्रत्येक लाट मधूनच कापून पंखा मंद करतो. कपॅसिटरचा, टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर ३१० रुपयांत बसला. ७३० रुपयांत खोली शांत झाली. रेकॉर्ड प्लेअरची बारीक हिरवी अर्थची तार सैल होती, ती त्यांनी फुकट आवळून दिली.

मग त्यांनी डबा उघडायला लावला. चार स्क्रू होते, त्यातल्या एकावर ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असे चिकटवलेले होते. आत प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत चाळलेली वाळू, तिच्यावर गोंदाने डकवलेला एक पिवळा कपॅसिटर, विजेचा झटका शोषणारी एक निळी चकती आणि दिवा. नवे अर्थिंग तर त्याहून वाईट निघाले. त्यांनी शंभर वॅटचा बल्ब फेज आणि जुन्या अर्थमध्ये लावला, तो लख्ख पेटला. नव्या अर्थवर तो मंद, पिवळट पेटला. हा प्रयोग जाणकाराशिवाय करू नका. बागेत उकरून पाहिले तर मीठ-कोळशाच्या सहा फुटी खड्ड्याऐवजी मुरमात ठोकलेली दोन फुटांची सळई होती. अशा सळईवर बिघाडाच्या वेळी एक-दोन अँपिअरसुद्धा वाहत नाहीत, मग १६ अँपिअरचा एमसीबी पडणार कसा? गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबीही आमच्याकडे नव्हता. म्हणजे तीन आठवडे मी २२,००० रुपये देऊन विकत घेतलेल्या धोक्याशेजारी बसून गाणे ऐकत होतो.

यानंतरची कहाणी सरकारी. चौकीत सांगितले की हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक आयोगाकडे जा. मी म्हटले, वाळू भरून यंत्र म्हणून विकणे ही फसवणूक नाही का? तर उत्तर मिळाले, “तुम्ही ऐकून, बघून घेतलंय ना?” सायबर विभागात सांगितले की माणूस घरी आला होता, म्हणजे हे सायबर नाही. बँकेने, म्हणजे जिथे मी आयुष्य घातले त्याच व्यवसायाने, लेखी कळवले की व्यवहार आपण स्वतः पिन टाकून मंजूर केला आहे. एका हेल्पलाइनवरची तक्रार ‘विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही’ या शेऱ्यासह निकाली काढण्यात आली, जणू प्रतिसाद न देणे हाच निकाल. पुन्हा चौकीत गेलो तेव्हा साहेब बंदोबस्ताला होते, तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेबांची बदली झाली होती, आणि नव्या साहेबांनी पहिल्यापासून सांगायला लावून अखेरीस विचारले, “काका, एवढ्या पैशात नवीन स्टिरिओ नसता का आला?” याचे उत्तर मला कोणत्या कलमाखाली देता आले असते?

ग्राहक आयोगात मात्र प्रकरण उभे राहिले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, हे लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे मी तिथे वाचून दाखवले. त्यावर रोख रकमेचा पुरावा काय, असे विचारण्यात आले. माझ्याजवळ ४३,५०० रुपयांच्या यूपीआय नोंदी आहेत. उरलेल्या ४८,००० साठी त्याच दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद आणि पत्नीची साक्ष आहे. त्याच्या कोटेशनवरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आली. पुढच्या तारखेला डबा हजर करायचा आहे. वकील म्हणाले की वाळू जशीच्या तशी, पिशवीसकट आणा, आणि पत्नी काय सांगणार आहे ते लिहून द्या. मी तिला विचारले. ती म्हणाली, “वायर आधी काढली, दिवा नंतर लागला, एवढंच लिहा.”