पणजीत एकच सकाळ मोकळी: मिरामार की चोडण?

खर्च आणि दगदग पाहिली तर मिरामारचा समुद्रकिनारा सोपा. शहरातच आहे, तिकीट नाही, आजी-आजोबाही वाळूत निवांत बसतील. फक्त मांडवी नदीच्या मुखाजवळ पोहायला उतरू नका.

चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्याला रायबंदरहून फेरीबोट, मग तिकीट. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरची खारफुटी, पण बघायला किती! ओहोटीला चिखल उघडा पडतो, निवटे (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात, बगळे टिपायला येतात, फांदीवर खंड्या. होडीने आत जायचं तर मात्र भरती हवी, म्हणून वेळ आधी विचाराच. डास चावतात, दुर्बीण हवीच.

सोबत वयस्कर माणसं असतील किंवा हाताशी तासभरच असेल, तर मिरामार. पक्ष्यांची ओढ असेल तर हिवाळ्यात, भल्या सकाळी चोडण.