पीएम-किसानची गावनिहाय लाभार्थी यादी: नावे दिसतात, रक्कम दिसत नाही

सातबारा मुरबाडचा आणि मुक्काम ठाण्यात, अशी आमच्यासारखी कुटुंबे कळव्यापासून घोडबंदरपर्यंत पुष्कळ आहेत. गावात सन्मान निधी कोणाला मिळतो, हे पाहण्यासाठी मी पीएम-किसानच्या संकेतस्थळावरील लाभार्थी यादी वापरतो. हे परीक्षण त्या एकाच सेवेचे आहे.

तिचा मोठा गुण असा की यादी पाहण्यासाठी आधार क्रमांक किंवा ओटीपी लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ब्लॉक आणि गाव निवडले की ती उघडते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी, त्यांसाठीच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील प्रशासनाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो, आणि त्या दृष्टीने ही यादी खरोखर उपयोगी आहे.

परंतु यादीत लाभार्थ्याचे नाव आणि स्त्री-पुरुष एवढीच नोंद असते. वर्षाला तीन हप्त्यांत ६,००० रुपये ही रक्कम ठरलेलीच आहे, मग ती वेगळी कशाला दाखवायची, असे कोणी म्हणेल. मात्र एखाद्याला २०१९ पासून सर्व हप्ते मिळालेले असतात, तर एखाद्याचे ई-केवायसीअभावी (आधारद्वारे ओळख पडताळणी न झाल्याने) अडकलेले असतात, आणि यादीत दोघे सारखेच दिसतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० रुपयेही तिथे दिसत नाहीत.

ही उणीव मला गंभीर वाटते. आयकर भरणारे, दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील आणि अभियंते या योजनेत बसत नाहीत. माहिती अधिकार कार्यकर्ते व्यंकटेश नायक यांच्या अर्जाला केंद्रीय कृषी मंत्रालयाने दिलेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या उत्तरानुसार २०.४८ लाख अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये गेले होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. आयकरदाते सरकारला स्वतःच्या नोंदींतून सापडू शकतात. शहरात वकिली करणारा खातेदार कोण, हे मात्र गावालाच ठाऊक असते, आणि त्याच्या खात्यात किती पैसे गेले हे दिसल्याशिवाय ग्रामसभेत प्रश्न विचारण्यास कोणी धजत नाही.

खासगीपणाचा आक्षेप मी हलका मानत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करण्याची तरतूद रद्द ठरवली. पुढे युरोपीय संघाने नावे व रकमा पुन्हा खुल्या केल्या, पण साधारण १,२५० युरोपर्यंतच्या लहान लाभार्थ्यांना वगळले. त्या मोजमापाने आपली संपूर्ण यादीच झाकावी लागेल, आणि ते मला मान्य नाही, कारण आपल्याकडची गळती अशाच लहान रकमांतून होते. बँक खाते, आधार आणि मोबाइल क्रमांक कटाक्षाने गुप्त राहावेत. नाव, मिळालेले हप्ते आणि एकूण रक्कम उघड असावी.

तूर्त मी या सेवेला पाचपैकी तीन गुण देतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळणे अजूनही अवघड असते, म्हणून ग्रामसभेच्या आधी हीच यादी रकमेसह छापून पंचायतीच्या फलकावर लावण्याची व्यवस्था कृषी विभागाने करावी.