सहाचे सहाच राहिले, चुका मात्र चारच्या दहा झाल्या

जून २०२३ मध्ये मी ४४,८४० रुपये मोजून इंग्रजी उतारे वाचायला शिकले. शिकले कसली, आधी जे येत होतं तेही घालवून बसले. एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट ही परीक्षा देणाऱ्या, त्यातही माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्या पोरापोरींच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितेय. क्लासचं नाव देत नाही. तक्रारीत ते दिलेलं आहे.

मी बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग, मग हिंजवडीत सपोर्टची नोकरी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. गणिताची मला फारशी धास्ती नव्हती. धास्ती होती व्हीएआरसीची, म्हणजे इंग्रजी भाषा आणि उताऱ्यांच्या विभागाची. चाळीस मिनिटं, चोवीस प्रश्न, त्यातले सोळा चार उताऱ्यांवरचे. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्याय चुकला की एक वजा. रूमवर घड्याळ लावून एक मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली होती. सोळापैकी दहा प्रश्न सोडवले, सहा बरोबर, चार चूक. चौदा गुण. सुरुवात म्हणून ते ठीकच होते, पण मला रडू आलं. गिऱ्हाईक म्हणून मी तिथेच तयार झाले होते.

रविवारी रात्री नऊला क्लासचं मोफत वेबिनार. सर बोलायला एकदम फर्डे. म्हणाले, तुम्ही अख्खा उतारा वाचता हीच तुमची चूक. प्रत्येक परिच्छेदाची पहिली आणि शेवटची ओळ बघायची, प्रश्नातला कीवर्ड उचलायचा, तो उताऱ्यात जिथे सापडेल तिथे उत्तर. जोडीला स्पीड रीडिंग, मिनिटाला आठशे शब्द. नव्वद पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या नव्वद जणांच्या पुढे, नाही आले तर पूर्ण पैसे परत. पडद्याच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ चालू होतं, सवलत संपायला चौदा मिनिटं.

तेव्हा साधा हिशेब केला असता तरी वाचले असते. कॅटचा उतारा साधारण पाचशे शब्दांचा. मिनिटाला अडीचशे शब्द वाचणाऱ्याला एका उताऱ्याला दोन मिनिटं लागतात, चार उताऱ्यांना आठ. आठशेच्या वेगाने वाचलं तर अडीच. म्हणजे सगळा खटाटोप साडेपाच मिनिटांसाठी. बाकीचा वेळ जातो पर्यायांशी झटापट करण्यात, आणि तिथे डोळे कितीही पळवले तरी काही होत नाही. वेग फार वाढवला की समज घटते, हे वाचनावर संशोधन करणाऱ्यांनी आधीच दाखवून दिलंय. मी इंजिनिअर आहे, हा भागाकार मला जमला असता. पण घड्याळ चालू होतं ना!

पैसे हप्त्याने. काउन्सेलर म्हणाली, "मॅम, लोन वगैरे काही नाही, फक्त सोपे हप्ते आहेत, बिनव्याजी. आलेला ओटीपी तेवढा टाका." लिंकवर आधार, पॅन, सेल्फी, आणि इमर्जन्सी काँटॅक्ट म्हणून पप्पांचा नंबर. ते कर्जच होतं, एका फायनान्स कंपनीचं. अडतीस हजार फी, अठरा टक्के जीएसटी, बारा हप्ते, प्रत्येकी ३,७३७ रुपये. कर्जाचा कागद ईमेलवर आला होता. मी तो उघडलाच नाही.

आता खरी मेख. कोर्स सुरू होताना त्यांनी 'डायग्नॉस्टिक' म्हणून पहिली चाचणी घेतली. नऊ-नऊशे शब्दांचे उतारे, तत्त्वज्ञानातले, वेळ वीस मिनिटं. सोळापैकी माझे तीन बरोबर आले. ऑगस्टअखेर दुसरी परीक्षा झाली, तीत बारा बरोबर. ॲपवर हिरवा आलेख सरळ वर गेला, सरांनी ग्रुपवर माझं नाव घेऊन अभिनंदन केलं, मी पप्पांना फोन करून पेढे आणायला सांगितले. दुसऱ्या परीक्षेतले उतारे चारशे शब्दांचे होते, आणि त्यातले दोन सरांनी आधीच व्हिडिओत सोडवून दाखवलेले. हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी ते मनावर घेतलं नाही. आपली प्रगती खोटी आहे असं कोणाला वाटून घ्यायचं असतं?

सप्टेंबरमध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर दुसऱ्या एका संस्थेची मॉक दिली. नव्या पद्धतीने सुसाट गेले, सोळाच्या सोळा सोडवले. बरोबर आले सहा, चुकले दहा. अठरातून दहा गेले, उरले आठ. जूनमध्ये चौदा होते.

त्या मॉकमधला एक उतारा अजून आठवतो, वसाहतींच्या नकाशांवरचा. लेखकाने तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की नकाशांमुळे राज्य करणं सोपं झालं असं मानलं जातं, आणि मग वाक्याच्या मधोमध 'यट' (yet, म्हणजे 'तरीही') टाकून ते मत खोडून काढलं होतं. मी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, मधला 'यट' कधी गेला कळलंच नाही. पर्याय 'ब' मध्ये उताऱ्यातले सगळे शब्द जसेच्या तसे होते: नकाशे, राज्य, सोपं. मी खूश होऊन तोच टिचकवला. चुकीचा पर्याय मुद्दाम उताऱ्यातल्याच शब्दांनी बनवतात, आणि बरोबर उत्तर बहुधा वेगळ्या शब्दांत येतं. म्हणजे कीवर्ड शोधणाऱ्याला सापळ्यात न्यायला ती पद्धत अगदी चोख आहे.

मी पैसे परत मागितले. उत्तर आलं की हमीच्या अटी बघा. अटी एका पीडीएफच्या तिसऱ्या पानावर होत्या: सगळे लाइव्ह क्लास कॅमेरा चालू ठेवून करायचे, प्रत्येक मॉक आल्यापासून चोवीस तासांत द्यायची. रात्रपाळीमुळे माझे चार क्लास बुडाले होते. हमी बाद. ऑक्टोबरपासून मी हप्ता थांबवला. वाटलं, क्लास नाही तर हप्ता नाही. पण कर्ज फायनान्स कंपनीचं, तिला क्लासशी काय देणंघेणं? हप्ता बाउन्स झाला की ५९० रुपये दंड, दोनदा. मग त्यांनी इमर्जन्सी काँटॅक्टला फोन लावला.

पप्पा एसटीत कंडक्टर आहेत. भरलेल्या गाडीत, तिकिटं फाडताना फोन आला की तुमच्या मुलीने कर्ज बुडवलंय. रात्री त्यांनी एवढंच विचारलं, "कसलं कर्ज काढलंस गं?" दुसऱ्या दिवशी मी थकलेला हप्ता भरला. नंतरचेही सगळे भरले, कारण सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब झालं तर पुढे शिक्षणकर्ज मिळणं अवघड.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. हमीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता म्हणून निदान बोलणी झाली. आधी क्लासवाल्यांनी कोर्स सहा महिने वाढवून द्यायची तयारी दाखवली (वा!), शेवटी आठ हजार दिले. मी थकले आणि घेतले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, हे मला नंतर कळलं. क्लासच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वंही १३ नोव्हेंबर २०२४ ला आली. यशाच्या खोट्या हमीला त्यात मनाई आहे. आता कोणी अशी हमी दिली तर आधी स्क्रीनशॉट काढा. आणि हप्ते म्हणाले की कर्ज कोणत्या कंपनीचं ते विचारा, ईमेलवर आलेला कागद ओटीपी टाकायच्या आधी उघडा.

इकडे परीक्षेला उरलेल्या दोन महिन्यांत मी कॅटचे जुने पेपर घेऊन बसले. उत्तरांसह फुकट मिळतात. दिवसाला दोन उतारे, सावकाश, प्रत्येक परिच्छेदाशेजारी लेखक काय म्हणतोय ते मराठीत एका ओळीत. शेवटी दोन पर्याय उरले की टाकलेला का टाकला, तेही लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, त्याचं वेबिनार कोणी घेणार नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला कॅटच्या व्हीएआरसीत मी अकराच प्रश्न सोडवले. ८१ पर्सेंटाइल आले. आयआयएमला पुरणारे नाहीत, पण माझे आहेत.

मागच्या रविवारी मावसभावाने लिंक पाठवली. क्लासचं नाव नवीन, कोपऱ्यातलं घड्याळ तेच. त्याला म्हटलं, थांब, आज रात्री जुना पेपर काढ, चाळीस मिनिटं लाव, गुण वहीत लिहून ठेव. प्रगती मोजायची तर सुरुवातीचा आकडा आपल्या वहीतला असू दे. तो म्हणाला, "पण ताई, सवलत नऊ वाजता संपतेय."