थकलेलं लाइटबिल आणि एमजीव्हीसीएल: बडोद्यातल्या कमी मिळकतीच्या घरांसाठी परीक्षण

बडोद्याला वीज देते मध्य गुजरात वीज कंपनी, म्हणजे एमजीव्हीसीएल. जुनी माणसं अजून जीईबी, म्हणजे जुन्या गुजरात वीज मंडळाचंच नाव घेतात. पुरवठ्याबद्दल इथे लिहायचं नाही. हातावर पोट असलेल्या घराचं बिल थकलं तर ही सेवा त्याला कितपत सांभाळून घेते, एवढंच बघायचं आहे. आमचं मत असं, की दरपत्रकात गरिबासाठी बरंच आहे, पण ते आपसूक पदरात पडत नाही. मागावं लागतं, आणि तेही लेखी.

सगळ्यात मोलाची सवलत बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या घरांच्या दराची. शहरातल्या साध्या घरगुती दरात महिन्याच्या पहिल्या ५० युनिटांना ३.०५ रुपये आणि पुढच्या ५० युनिटांना ३.५० रुपये लागतात. बीपीएल दरात पहिले ५० युनिट १.५० रुपयाने मिळतात, आणि दोन किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला महिन्याला १५ रुपये असणारा फिक्स चार्ज ५ रुपयांवर येतो. दोन महिन्यांचं बिल १८० युनिटांचं, म्हणजे महिन्याला ९० युनिटांचं धरा. युनिटांचे ५८५ ऐवजी ४३० रुपये होतात, फिक्स चार्जमध्ये २० वाचतात, आणि या १७५ रुपयांवरची १५ टक्के ड्युटीही (सरकारी वीज शुल्क) टळते. म्हणजे बिलामागे दोनशे, वर्षाच्या सहा बिलांत बाराशे रुपये. फ्युएल चार्ज, म्हणजे इंधनाच्या खर्चापोटी युनिटमागे लागणारा आकार, मात्र दोन्हीकडे तेवढाच, त्यात सूट नाही.

हा दर कार्ड असलं म्हणून लागत नाही. बीपीएल कार्डाची नकल आपल्या सबडिव्हिजन ऑफिसात द्यावी लागते. सोबत शेवटचं बिल, आधारची नकल आणि गुजरातीत चार ओळींचा अर्ज जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढचं बिल आलं की पहिल्या टप्प्याचा दर १.५० झालाय का, ते बघा.

अर्ज अडकतो तो नावावर. वाडी, मांडवीकडच्या जुन्या घरांत मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि कार्ड सुनेच्या नावावर, असं सर्रास असतं. अशा वेळी आधी मीटरचं नाव बदलून घ्यावं. भाडेकरूचं दुखणं याहून मोठं आहे: मालक आपल्या मीटरपुढे लावलेल्या सबमीटरवर स्वतः ठरवलेल्या एकाच दराने पैसे घेतो, त्यामुळे कार्ड असूनही स्वस्त युनिट त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे आणि ती ज्यांना सोसावी लागते तेच सगळ्यात गरीब आहेत.

हप्ते मागण्याआधी बिल बरोबर आहे ना, हे तपासा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच (3200 imp/kWh) असं छापलेलं असेल तर ३२०० लुकलुकींचा एक युनिट. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा, मेन स्विच चालू ठेवा आणि दहा मिनिटं दिव्याकडे बघा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी वायरिंगमधून वीज गळतेय किंवा कुणी तुमच्या लाइनीवर आहे. आता मेन स्विच बंद करा. दिवा थांबला तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे आणि त्याला वायरमन लागेल. थांबला नाही तर गडबड मीटर आणि मेनच्या मधे आहे. तिथे हात न घालता कंपनीला लेखी कळवा.

आता थकबाकी. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलच मान्य नसेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली जी कमी ती ‘हरकत राखून’ भरावी. वाद मिटेपर्यंत वीज राहते. देय होऊन दोन वर्षं उलटलेली आणि मधल्या बिलांत सतत न दाखवलेली बाकी वसूल करता येत नाही.

बिल खरं असेल तर हप्ते मागा. हप्ते हा हक्क नाही, अधिकाऱ्याच्या हातातली गोष्ट आहे, म्हणून प्रस्ताव पेलवेल असाच द्यावा. बिल दोन महिन्यांनी येतं, तर हप्ता बिल नसलेल्या महिन्यात मागावा. ३,६०० रुपये थकले असतील तर ९०० चे चार हप्ते, एक महिना आड. ऑफिस कमी मुदत सांगेल, पण बोलणी इथून सुरू करावीत. दर महिन्याला ६०० कबूल केले की बिलाच्या महिन्यात दोन्ही अंगावर येतात आणि तिसऱ्या हप्त्यालाच घर कोलमडतं. नोटिशीला घाबरून सावकाराकडे तर मुळीच जाऊ नका. कंपनीचा उशिराचा आकार वर्षाला १५ टक्के, म्हणजे ३,६०० वर महिन्याला ४५ रुपये. सावकाराचे महिना पाच टक्क्यांनी १८० होतात.

प्रीपेड स्मार्ट मीटर थकबाकीदार घराला आम्ही सुचवणार नाही. मे २०२४ मध्ये बडोद्यात त्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि काम थांबवावं लागलं. ज्याच्या हातात पैसा आठवड्याला येतो, त्याच्यासाठी नोटिशीचे १५ दिवस हाच श्वास घ्यायचा अवधी असतो, आणि बॅलन्स संपला की वीज जाते तिथे तो उरत नाही. मीटर प्रीपेड झालंच, तर कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे कंपनीला अनामत मागता येत नाही. आधी भरलेली अनामत बाकीत वळती करा, असा अर्ज त्याच दिवशी द्या.

सबडिव्हिजनने दाद दिली नाही तर कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच बडोद्यातच आहे. वकील लागत नाही. शिक्का मारलेली अर्जाची प्रत, शेवटची बिलं आणि मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो एवढं घेऊन जा. मंचाचा निकाल पटला नाही तर पुढे विद्युत लोकपालाकडे जाता येतं.