पेटीचं कुलूप: फ्रेंच गॉथिक की न्यूरेम्बर्गचं?

१५व्या शतकातलं फ्रेंच गॉथिक (मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या शैलीचं) कुलूप पाहिलं की हे लोखंड आहे यावर विश्वासच बसत नाही. पातळ पत्र्यांत जाळी कोरून ते एकावर एक चढवलेले, त्यामुळे चर्चच्या खिडकीतली नक्षी खोलगटपणासकट उभी राहते. काहींवर संतांच्या इवल्या मूर्ती, त्याही छिन्नी-कानशीने काढलेल्या. एक घाव जास्त बसला तर तो भरून काढणं कठीण. फ्रान्समधल्या रूआँच्या ल सेक दे तुर्नेल संग्रहालयात जुनं लोखंडकाम डोळे भरून बघता येतं, तेही एका जुन्या चर्चमध्ये.

जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहराच्या १६व्या-१७व्या शतकातल्या लोखंडी पेट्यांची गंमत निराळी. समोर दिसणारं किल्लीचं भोक बहुधा नकली; खरं झाकणावर लपवलेलं. झाकण उचललं की आतली जवळजवळ सगळी बाजू कुलपानेच व्यापलेली! एकच किल्ली फिरते आणि चारही कडांचे अडसर एकदम सरकतात. त्यावर कोरीव, जाळीदार पत्रा. देखणा आहे, पण काम यंत्रणा झाकण्याचं.

नक्षीसाठी माझा कौल निःसंशय फ्रेंच कुलपाला. यंत्रणेचं वेड असेल त्याने मात्र न्यूरेम्बर्गची पेटी उघड्या झाकणानेच बघावी.